बसलेल्याला पाणी

१

संध्याकाळी सहाच्या सुमारास दीपाली काजूच्या कारखान्यातून घरी यायची, मागीलदारी चपला काढायची आणि पायावर पाणी घ्यायच्या आधी म्हणायची, "या बघू."

मग गुरुप्रसाद मेस्त्री, वय वर्षं बेचाळीस, लांज्यातल्या निम्म्या घरांचे दरवाजे ज्याने बसवले तो धिप्पाड सुतार, शाळेत नखं दाखवायला उभ्या राहिलेल्या पोरासारखा तिच्यापुढे येऊन उभा राहायचा. तोंड उघडून "हा" करायचा. दीपाली नाक पुढे करून वास घ्यायची, "बरं" म्हणायची आणि आत जायची. यात प्रेम नव्हतं, तसा रागही नव्हता. कारखान्यात ती काजूगर निवडायची. हजारात एक खवट गर असला तरी तिच्या नाकाला कळायचा, आणि नवऱ्याच्या बाबतीत ती त्याच नाकावर विसंबून होती. दुधाने तोंड भाजलेली बाई ताकसुद्धा फुंकून पिणारच.

गुरुप्रसाद रत्नागिरीच्या व्यसनमुक्ती केंद्रात होता तेव्हा ती मनस्वीला घेऊन राजापूरला माहेरी राहिली होती. तो सुटून घरी आला तशी तीही परत आली, पण अट घालून. "शंभर दिवस मी रोज वास घेणार. एक दिवस जरी आला, तर पोरीला घेऊन राजापूर, आणि परत येणार नाय. शंभर झाले, की मग कधीच विचारणार नाय. तुम्ही आणि तुमचं तोंड." दीपालीचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, हे गुरुप्रसादइतकं कोणाला ठाऊक असणार! पिण्याच्या दिवसांत तिने दोनदा जाईन म्हटलं होतं आणि दोन्ही वेळा गेली होती.

म्हणून तो दिवस मोजायचा. घरामागे, काजूच्या झाडांना लागून, चिऱ्याच्या भिंतींचा मांगर होता. पूर्वी त्यात गुरं असत, आता त्याचं सुतारकाम असे. त्याच्या दाराच्या आतल्या अंगाला तो पेन्सिलीने रोज एक रेघ मारायचा. त्याला शंभरावी रेघ हवी होती. ती मारून झाल्यावर दीपाली आपल्या तोंडासमोरून सरळ आत निघून जाईल, एवढंच त्याचं आताचं स्वप्न होतं, आणि ते त्याला भारी मोठं वाटायचं.

२

केंद्रात तेजस्वी मॅडम म्हणून समुपदेशक होत्या. वयाने गुरुप्रसादच्या धाकट्या बहिणीसारख्या, पण समोर बसल्या की माणूस खोटं बोलायचं विसरायचा. त्यांनी त्याला बऱ्याच युक्त्या शिकवल्या. तलफ आली की पंधरा मिनिटं पुढे ढकलायची, ती आपोआप ओसरते. मन सैरभैर झालं की आजूबाजूच्या पाच गोष्टी बघायच्या, चारांना हात लावायचा, तीन आवाज ऐकायचे, दोन वास घ्यायचे, एक चव घ्यायची. म्हणजे माणूस जागेवर येतो.

"आणि मेस्त्री," त्या म्हणाल्या होत्या, "घरी गेल्यावर हाताने एक वस्तू पुरी करा. कोणासाठी नाही, स्वतःसाठी."

त्याने खुर्ची केली. फणसाच्या जुन्या फळीची, पिवळीधमक, दोन्ही बाजूंना हात असलेली. पहिले चार दिवस हात थरथरत, करवत रेघ सोडून पळे. अकराव्या दिवशी खुर्ची उभी राहिली आणि चारही पाय जमिनीला एकसारखे टेकले. गुरुप्रसादने ती चारी बाजूंनी हलवून पाहिली. ती हलली नाही. तेव्हा तो मांगरात एकटाच ढसाढसा रडला. तीन वर्षांत त्याच्या हातून धड झालेली ती पहिली गोष्ट होती.

त्या खुर्चीचाच पुढचा अभ्यास मॅडमनी दिलेला होता. रोज चार वाजता, म्हणजे नेमकी त्याची गुत्त्यावर जायची वेळ, आपण स्टुलावर बसायचं आणि समोर रिकामी खुर्ची ठेवायची. तिच्यात आपला पिणारा गुरुप्रसाद बसलाय असं समजायचं आणि त्याच्याशी मनातलं बोलायचं. मग उठून आपण त्या खुर्चीत बसायचं आणि त्याच्या वतीने उत्तर द्यायचं. मग उठून खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवायची. झालं.

"तिन्ही भाग करा हं," मॅडमनी बजावलं होतं. "अर्धवट ठेवू नका."

पहिला भाग गुरुप्रसादने मन लावून केला. पहिल्याच दिवशी त्याने त्या खुर्चीला असं काही सुनावलं, की गुत्त्यावरच्या लोकांनीही कानांत बोटं घातली असती. तू माणूस नाहीस. तू पोरीला शाळेच्या फाटकाशी अंधार पडेपर्यंत उभी ठेवलीस. तिला अभ्यासाचं टेबल कबूल केलंस आणि तीन वर्षं फळीला हात लावला नाहीस. तू कोणी नाहीस. बोलून झाल्यावर त्याला पोट साफ झाल्यासारखं हलकं वाटलं.

पण त्या खुर्चीत बसायची वेळ आली तेव्हा त्याचे पाय उचलेनात. मी तिथे बसू? त्याच्या जागेवर? त्याने स्वतःशीच नाक मुरडलं. दुसरा भाग झाला नाही, म्हणून तिसराही राहिला. खुर्ची तशीच स्टुलाकडे तोंड करून राहिली.

इतक्यात सखू आते मांगरात आली. ती त्याची विधवा आत्या, सत्तरी ओलांडलेली, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिने हातातला पाण्याचा तांब्या आणि वाटीतला गुळाचा खडा खुर्चीपुढे जमिनीवर ठेवला.

"कोन पावनं आलंय रे? बसलेल्याला पानी इचारलंस का नाय?"

गुरुप्रसादला हसू आलं. म्हातारीला काय सांगणार, की पाहुणा नाही, मॅडमनी दिलेला अभ्यास आहे? आमच्याकडे दारात वैरी येऊन बसला तरी आधी पाणी आणि गूळ, मग भांडण. तो म्हणाला, "विचारलं गो आते, विचारलं." आणि तिने ठेवलेला तांब्या त्याने तिथेच राहू दिला. त्या दिवसापासून ती रोज ठेवू लागली.

३

तिसाव्या दिवशी सखू आते मंडणगडला लेकीकडे गेली. तिकडे तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन व्हायचं होतं. निघताना तिने बजावलं, "मी नाय म्हनून त्या मांगरातल्या पावन्याला कोरडा नको ठेवू हां. रोज येतो बिचारा."

गुरुप्रसादने मान हलवली. दुसऱ्या दिवशी चार वाजता त्याने स्वतःच तांब्या भरला आणि गुळाचा खडा ठेवला.  इतके दिवस डोळ्यांसमोर असलेली वस्तू नसली की जागा बोडकी दिसते, असं त्याने स्वतःला सांगितलं. मग एकदा ठेवला म्हणून रोज ठेवू लागला.

बत्तिसाव्या दिवशी त्याला जोराची तलफ आली. घशापासून पोटापर्यंत कोरड पडली. खुर्चीशी बोलणं अर्ध्यावर सोडून त्याने डोळे मिटले आणि मॅडमची युक्ती सुरू केली. तीन आवाज. पहिला, हमरस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकचा. दुसरा, कौलांवर चोच मारणाऱ्या कावळ्याचा.

तिसरा आवाज कोणीतरी पाणी पीत असल्याचा होता. तांब्या वर धरून, न थांबता, घटाघटा.

त्याने डोळे उघडले. खुर्ची रिकामी, तांब्या जमिनीवर, कावळा उडून गेलेला. स्वतःच्याच घशाचा आवाज असणार, तो म्हणाला. तलफेत माणूस आवंढे गिळतो. हे पटण्यासारखं होतं, म्हणून त्याने पटवून घेतलं. पण उठताना त्याने तांब्यात डोकावून पाहिलं, आणि आपण तो काठोकाठ भरला होता की थोडा कमी, हे त्याला आठवेना.

४

सत्तेचाळिसाव्या दिवशी दीपालीने वास घेतला आणि ती लगेच "बरं" म्हणाली नाही.

तिने पुन्हा घेतला. मग त्याच्या शर्टाचा घेतला. "तोंडाला नाय," ती हळू म्हणाली. "पण येतोय कुठूनतरी."

"कसला?"

"तुम्हाला ठाऊक कसला."

ती तडक मांगरात गेली. तो तिच्यामागून. तिने भुश्श्याची पोती उलथली, हत्यारांची पेटी उपसली, वाशांवर हात फिरवून पाहिला. गुरुप्रसाद दारात उभा राहून बघत होता, आणि आपण काही केलेलं नसताना आपल्या छातीत धडधडतंय याचा त्याला संताप येत होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. पण चोरी न केलेल्याच्या मनातही चांदणं पडतं, हे म्हण करणाऱ्याला माहीत नसावं.

काही सापडलं नाही.

"बोंडू कुजले असतील झाडाखाली," तो म्हणाला. पिकलेला काजूचा बोंडू जमिनीवर पडून आंबला, की गुत्त्यासारखाच वास सुटतो. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत.

दीपालीने बाहेर झाडांकडे बोट दाखवलं. जानेवारी चालू होता. काजूला नुसता मोहोर होता, फळाचा पत्ता नव्हता.

"तोंडाला नव्हता म्हणून थांबलेय," ती म्हणाली. 

५

आता गुरुप्रसादला स्वतःचाच संशय येऊ लागला. पिण्याच्या दिवसांत असं व्हायचं, की एक अख्खी संध्याकाळ त्याच्या डोक्यातून पुसली जायची. एकदा तो कपाळाला खोक घेऊन घरी आला होता आणि ती कुठे पडली हे त्याला अजूनही सांगता येत नव्हतं. तसंच पुन्हा होत असेल तर? आपण मांगरात बसून पितो, आणि प्यायलो हे विसरतो, असं असेल तर? पण मग बाटली कुठे? आणि तोंडाला वास कसा नाही?

तो सुतार होता. संशय आला की सुतार माप घेतो.

रविवारी दीपालीने मांगराची जमीन शेणाने सारवली होती. सोमवारी, ती ओलसर असताना, त्याने खुर्ची आणि स्टूल अलगद मांडलं, तांब्या भरला आणि त्यात पट्टी बुडवून पाण्याचं माप घेतलं. सहा इंच. मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू करून ठेवलं. मग स्टुलावर बसून पंधरा मिनिटं रोजच्यासारखं बोलला. बोलण्यावर लक्ष नव्हतं, तरी शिव्या तोंडात बसल्या होत्या, त्या आपोआप आल्या.

पंधरा मिनिटांनी पाणी साडेचार इंच होतं.

त्याने स्टूल उचललं. सारवणात स्टुलाच्या पायांचे खड्डे उमटले होते, पाव इंच खोल. नव्वद किलोचा माणूस त्यावर बसला होता, ते ठीकच. मग त्याने खुर्ची उचलली. तिचे खड्डेही पाव इंच होते. त्याने पट्टी तीनदा लावली. रिकामी खुर्ची सारवणावर नुसता डाग पाडते, खड्डा नाही.

रेकॉर्डिंग त्याने तिथे ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी लांज्याच्या एसटी स्टँडवर, चार माणसांत उभं राहून, इअरफोन लावून ऐकलं. स्वतःचा आवाज स्वतःला ऐकवत नाही म्हणतात तसं झालं. तू पोरीला फाटकाशी उभी ठेवलीस. मग जरा शांतता. तू टेबल केलं नाहीस. शांतता. चांगला बाप संध्याकाळी पोरीचा अभ्यास घेतो. चांगला नवरा बायको यायच्या आधी चुलीवर पाणी ठेवतो. तुला यातलं काय जमतं?

त्या प्रत्येक शांततेत कोणीतरी अगदी हळू, शहाण्या विद्यार्थ्यासारखं "बरं" म्हणत होतं.

आवाज त्याचाच होता. बोलता बोलता मीच म्हणत असेन, त्याने स्वतःला समजावलं. स्टँडवर गाड्यांचा गोंगाट होता. त्याने रेकॉर्डिंग पुसून टाकलं, आणि मग वाटलं की पुसायला नको होतं.

६

खुर्ची मोडून चुलीत घालावी असं त्याच्या मनात दहादा आलं. एकदा कुऱ्हाड घेऊन तो गेलाही. पण तिचे सांधे बघितले, चारही बाजूंनी गुण्यात, नेमक्या काटकोनात बसलेले, आणि त्याचा हात खाली आला. तेवढीच एक गोष्ट होती जी बघून त्याला आपण कोणीतरी आहोत असं वाटायचं. ती जाळायची म्हणजे पुन्हा तीन वर्षं मागे जायचं.

त्यापेक्षा त्याने दुसरं काम काढलं. मनस्वीच्या टेबलाची फळी बाहेर काढली आणि कामाला लागला. दिवस चांगले गेले. दीपाली रोज वास घेत होती, रोज "बरं" म्हणत होती. दारावरच्या रेघा वाढत होत्या. चार वाजता तो खुर्चीशी बोलायचा, पण थोडक्यात, तिच्याकडे न बघता. तांब्या मात्र ठेवायचा. आता न ठेवायची त्याला भीती वाटू लागली होती.

शहाऐंशीव्या दिवशी मनस्वीच्या शाळेला सुट्टी होती. टेबलाखालच्या कप्प्याच्या दाराला बिजागऱ्या हव्या होत्या म्हणून तो दुपारी बाजारात गेला आणि पाच वाजता परत आला. मनस्वी मागीलदारी पायरीवर बसली होती. नऊ वर्षांची पोर, रागावली की खालचा ओठ पुढे यायचा. आता तो पुढे आलेला होता.

"पप्पा, तुम्ही माझ्याशी बोलला का नाही?"

"कधी गो?"

"मघाशी. मांगरात. मी दोनदा हाक मारली. तुम्ही वळूनसुद्धा बघितलं नाही."

गुरुप्रसादच्या हातातली बिजागऱ्यांची पुडी खाली आली. "मी बाजारात होतो, मनू."

"नाही. खुर्चीत बसला होतात. माझ्याकडे पाठ होती." तिने त्याच्या अंगावरच्या शर्टाकडे बघितलं. "हाच शर्ट."

तो आजवर एकदाही त्या खुर्चीत बसला नव्हता. घरात हे कोणाला ठाऊक नव्हतं.

"काय करत होतो मी?" त्याने विचारलं, आणि विचारल्याबरोबर उत्तर नको वाटलं.

मनस्वीने मान वर केली, तोंड उघडलं आणि करून दाखवलं. "हा. हा. असं करत होता. आईसमोर करता तसं. पुन्हा पुन्हा."

त्याने पोरीला जवळ घेतलं. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास होता, तो त्याने छातीभरून घेतला. मग मांगराचं दार ओढून कडी लावली, आणि त्या दिवसापासून टेबलाचं काम ओटीवर आणलं. चार वाजताचा अभ्यास बंद केला. खुर्चीवर त्याने गोणपाट टाकलं होतं. रेघ मारायला रोज सकाळी आत जावं लागायचं, तेव्हा तो त्या कोपऱ्याकडे पाठ करून रेघ मारायचा. एकदाही पाठ करून उभं राहणं सोपं गेलं नाही.

नव्व्याण्णवाव्या दिवशी टेबल पुरं झालं. त्याला आरशासारखं पॉलिश चढलं. दुसऱ्या दिवशी मनस्वी शाळेतून आली की तिला दाखवायचं, म्हणून ते त्याने लपवायला मांगरात नेऊन ठेवलं. दुसरीकडे जागाच नव्हती.

७

शंभराव्या दिवशी सकाळी त्याने शेवटची रेघ मारली. मार्च लागला होता. काजूखाली लाल-पिवळ्या बोंडूंचा सडा पडला होता आणि परसभर आंबूस वास सुटला होता. सखू आते आदल्याच दिवशी मंडणगडहून परत आली होती, दोन्ही डोळे लख्ख करून. दीपाली कामाला जाताना म्हणाली, "आज अर्धा दिवस टाकते. येताना मनूला घेऊन, कोळंबी घेऊन येते." आणि जाता जाता ती किंचित हसली. ते हसू गुरुप्रसादने दिवसभर जपून ठेवलं.

साडेतीनला तेजस्वी मॅडमचा फोन आला. शंभर दिवसांबद्दल अभिनंदन केलं. आनंदाच्या भरात माणूस खरं बोलतो. गुरुप्रसादने सगळं नाही, पण एवढं सांगितलं, की तो खुर्चीत कधी बसलाच नाही, आणि आता मांगरात जायला बरं वाटत नाही.

मॅडम म्हणाल्या, "मेस्त्री, शंभर दिवस तुम्ही त्याला नुसत्या शिव्या दिल्यात. त्याची बाजू ऐकली नाहीत. स्वतःला शिव्या देऊन कोणी उभं राहत नाही हो. आज बसा तिथे. बोला. उठा. खुर्ची भिंतीकडे फिरवा आणि मोकळे व्हा. पंधरा मिनिटांचं काम आहे."

ते शहाणपणाचं बोलणं होतं. दिवसाउजेडी, दार सताड उघडं ठेवून, स्वतः केलेल्या खुर्चीत बसायला बेचाळीस वर्षांच्या माणसाने घाबरावं? दीपाली यायच्या आत हे उरकून टाकू, म्हणजे शंभरावा दिवस सगळ्या बाजूंनी पुरा होईल. तो मांगरात गेला, गोणपाट काढलं, खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवली, स्टूल तिच्यासमोर ओढलं, आणि बसला.

खुर्ची अंगाला बरोबर बसली. लाकूड ऊबदार होतं.

समोर रिकामं स्टूल होतं.  मग तोंडातून आपोआप निघालं. "मी वाईट नव्हतो रे. हात थरथरायला लागले होते, ते कोणाला दिसू नयेत एवढंच मला हवं होतं. एक घोट घेतला की थांबायचे. मनूचं टेबल करायला घेतलं होतं मी. पहिलीच रेघ वाकडी आली. तिला वाकडं टेबल कसं देऊ?" त्याला हे माहीतच नव्हतं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि शंभर दिवसांत पहिल्यांदा त्याला त्या पिणाऱ्याची कीव आली.

"बरं," समोरून कोणीतरी म्हणालं.

गुरुप्रसादने डोळे पुसायला हात उचलू पाहिला. हात उचलला गेला नाही.

स्टुलावरून एक माणूस उठत होता. दारातून येणारा उजेड त्याच्या पाठीमागे होता, म्हणून तोंड दिसलं नाही. रुंद खांदे, शर्टावर भुस्सा. त्याने कोपऱ्यातलं टेबल दोन्ही हातांनी उचललं, कड दाराला लागू नये म्हणून तिरकं केलं, जसं गुरुप्रसादने केलं असतं अगदी तसंच, आणि उजेडात निघून गेला. तो गेला त्या वाटेवर आंबूस वास तरंगत राहिला. तो बोंडूंचा नव्हता. गुरुप्रसादला दोन्ही वास चांगले ओळखता येत होते.

उघड्या दारातून मागीलदार समोर दिसत होतं. मनस्वीची किंकाळी ऐकू आली, आनंदाची. "पप्पा! खरंच तुम्ही केलंत?" मग दीपाली आली. तिने कोळंबीची पिशवी पायरीवर ठेवली, चपला काढल्या. तिच्यासमोर तो माणूस, पाठमोरा, मान वर करून उभा राहिला आणि त्याने आपण होऊन तोंड उघडलं.

घे, गुरुप्रसाद ओरडला. दीपाली, वास घे. आजचा दिवस घे. पण आवाज त्याच्या घशातून बाहेर आला नाही. त्याचे ओठसुद्धा हलले नाहीत.

दीपालीने हात पुढे केला आणि त्या माणसाच्या तोंडावर तळवा ठेवून ते मिटवलं.

"पुरे," ती म्हणाली.  "शंभर झाले. आता नाय विचारणार. विश्वास हाय माझा तुमच्यावर." मग तिने नाक मुरडलं आणि ती हसली. "बोंडू कुजलेत बघा किती. उद्या उचलून टाका ते."

"बरं," तो माणूस म्हणाला.

हे वाक्य ऐकायला गुरुप्रसाद शंभर दिवस जगला होता. ते त्याने ऐकलं.

थोड्या वेळाने मांगराच्या दारात सखू आते आली. हातात तांब्या, वाटीत गुळाचा खडा. नव्या डोळ्यांनी तिने खुर्चीकडे नीट निरखून पाहिलं, ओळख पटल्यासारखं नाही, परक्याकडे बघतात तसं. मग तांब्या त्याच्या पायांशी ठेवला. "घ्या पावनं, पानी घ्या. आमचा गुरु आताच घरात गेला. येल इतक्यात."

तो आलाच. आतेला म्हणाला, "तू जा गो, मी बघतो," आणि ती गेल्यावर खुर्चीच्या मागे येऊन उभा राहिला. त्याचं तोंड गुरुप्रसादला तेव्हाही दिसलं नाही. खुर्चीच्या दोन्ही हातांवर दोन हात आले. ते थरथरत नव्हते. पाय जमिनीवर खरवडत खुर्ची अर्धी फिरली, मग पुरी भिंतीकडे फिरली. अर्धवट काही ठेवलं नाही. मग पावलं दूर गेली आणि बाहेरून कडी लागली.

गुरुप्रसादच्या घशाला कोरड पडली होती. तांब्या मागे, पाठीकडे राहिला होता. पंधरा मिनिटं, त्याने स्वतःला सांगितलं, पंधरा मिनिटं काढायची, मग ओसरते. मन जागेवर आणायचं. पाच गोष्टी बघायच्या. पहिली, चिऱ्याची भिंत. दुसरी त्याला सापडेना.